हाताच्या कामाची मजुरी धरलीच पाहिजे

गुरुजी म्हणाले, या वेळी प्रत्येकाने आपले एक मत लिहायचे आणि ते मत का झाले तेही लिहायचे. म्हणून मी लिहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत माझी मामेबहीण पुण्याहून आली. ती तिथे चित्रकला शिकते. तिच्या पिशवीत तळहाताएवढे एक पुस्तक होते. चित्रे हाताने काढलेली, अक्षरही हाताचे. मी विचारले, "ताई, हे कुठल्या दुकानातलं?" ती म्हणाली, "दुकानातलं नाही गं, मीच केलंय. याला झीन म्हणतात." मॅगझीन या शब्दाचे शेपूट म्हणजे झीन. अमेरिकेत शिकागो शहरात विज्ञानकथा आवडणाऱ्या लोकांनी १९३० साली 'द कॉमेट' नावाचे असे पत्र काढले होते. कॉमेट म्हणजे धूमकेतू. गुरुजींना हे सांगितले तर ते म्हणाले, "आपल्याकडे शाळांची हस्तलिखितं असतात, ती याच जातीची. मुंबईच्या मराठी कवींनीही १९६० नंतरच्या काळात सायक्लोस्टाइल करून स्वतःची अनियतकालिकं काढली होती." म्हणजे आपले हे भित्तिपत्रकसुद्धा झीनच्या नात्यातलेच झाले.

ताईने मला पुस्तिका करायला शिकवली. कोरा कागद एकदा उभा आणि दोनदा आडवा दुमडायचा, म्हणजे आठ घरे पडतात. मग उलगडून मधल्या उभ्या दुमडीवर, फक्त मधल्या घरांपुरती कात्री मारायची. कागद परत उभा दुमडून दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलली की पुस्तक तयार. एक मुखपृष्ठ, एक मलपृष्ठ आणि आत सहा पाने. डिंक नको, दोरा नको. सगळे लिहिणे कागदाच्या एकाच बाजूला. पण कागद उलगडलेला असताना एका ओळीतली चार घरे उलटी लिहावी लागतात. मी ते विसरले. माझ्या पहिल्या पुस्तिकेत टिटवीचे पाय वर आणि डोके खाली झाले. सगळे लई हसले.

माझ्या पुस्तिकेचे नाव 'ओढ्याकाठचे पक्षी'. आत खंड्या, बगळा, टिटवी, साळुंकी, कोतवाल आणि बुलबुल. प्रत्येकाला एक पान. चित्राखाली मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहिली. उदाहरणार्थ, टिटवी झाडावर घरटे करत नाही, दगडगोट्यांत उघड्यावर अंडी घालते आणि आपण जवळ गेलो की ओरडून रान उठवते.

१४ नोव्हेंबरला शाळेत बाल आनंद मेळावा होता. कोणी भेळ आणली, कोणी बोरे, कोणी मेथीच्या जुड्या. मी २० पुस्तिका मांडल्या. किंमत २ रुपये. सगळ्या खपल्या. ४० रुपये आले. कागदाला २० आणि काळ्या पेनाला १० असे ३० रुपये गेले होते. नफा १० रुपये! मी उड्या मारत गुरुजींना हिशेब दाखवला. गुरुजींनी वही पाहिली आणि विचारले, "एक पुस्तिका करायला किती वेळ लागला?" मी म्हटले, "अर्धा तास." "मग वीस पुस्तिकांना?" "दहा तास." "म्हणजे तासाला किती मिळाले?" मी गप्प बसले. तासाला १ रुपया. गुरुजी म्हणाले, "कागद लिहिलास, पेन लिहिलंस, मजुरी कुठं लिहिलीस?"

घरी आले तर आजी सोप्यात बसून वाकळ शिवत होती. माझी आजी दुसऱ्यांना वाकळा शिवून देते. जुनी लुगडी गिऱ्हाईकाची, दोरा आजीचा. मी वही घेऊन तिच्यापाशी बसले आणि तिचाही हिशेब मांडला. एक वाकळ शिवायला तिला ३० दुपारी लागतात. रोज ३ तास धरले तर ९० तास. मिळतात ५०० रुपये. तासाला साडेपाच रुपयेच, आणि त्यातून दोऱ्याचे पैसे वजा. मी म्हटले, "आजी, तुझी मजुरीच कुणी धरत नाही." आजी म्हणाली, "आगं, बाईच्या हाताला कोन मजुरी देतं व्हय? दुपारचं बसून तर असतीया मी." पण ती बसून नव्हती. तिच्या बोटाला सुया टोचून टोचून घट्टे पडले आहेत. ते मी पाहिले आहेत.

२६ जानेवारीला मी १० पुस्तिका केल्या आणि किंमत ५ रुपये ठेवली. ७ खपल्या, ३ राहिल्या. तरी खर्च जाऊन २० रुपये उरले. ५ तासांचे २० म्हणजे तासाला ४ रुपये. ताई फोनवर म्हणाली, "आतली पानं एकदाच काढ आणि झेरॉक्स कर. फक्त मुखपृष्ठ हातानं रंगव. आम्हीही तसंच करतो." बाजारच्या गावी एका बाजूच्या झेरॉक्सला २ रुपये पडतात. रंगवायला आणि दुमडायला १० मिनिटे. ५ रुपयांना विकली तर ३ रुपये उरतात आणि तासाला सहा होतात, म्हणजे १८ रुपये. वर्गात काही जण म्हणाले, मग ती हाताची कुठे राहिली? मला वाटते, मागच्या पानावर 'आतील पाने झेरॉक्सची' असे खरे लिहिले तर त्यात लबाडी नाही.

पण आजीच्या वाकळेची झेरॉक्स निघत नाही. तिथे प्रत्येक टाका हातानेच घालावा लागतो. म्हणून तिची किंमत तशीच धरली पाहिजे, असे माझे मत आहे.

मी हट्ट केला म्हणून आजीने आपल्याच जुन्या लुगड्यांच्या वाकळेचे ८०० रुपये सांगितले. एक जण आला होता. "जुन्या लुगड्याचीच तर हाय," म्हणाला आणि निघून गेला. ती वाकळ अजून आमच्या पेटीवर आहे. मला रात्री झोप आली नाही. वाटले, माझ्यामुळे आजीचे ५०० रुपये गेले. मी तसे म्हटले तर आजी म्हणाली, "राहू दे गं. बरोबर हिशेब मांडलास तू. नाय खपली तर थंडीत तूच पांघर."

काही मोठी माणसे म्हणतील, लहान मुलांनी पैशांचे बोलू नये. पण नफातोटा आम्हाला गणितात शिकवतात. मग घरातल्या कामाचा हिशेब का मांडू नये? दुकानात छापील किंमत आपण मुकाट्याने देतो आणि बुट्टी विणणाऱ्या, वाकळ शिवणाऱ्या माणसाशी मात्र दहा-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. हे मला बरोबर वाटत नाही. पालकांना माझी विनंती आहे, हाताची वस्तू घेताना आधी विचारा, "याला किती दिवस लागले?" मग किंमत बोला. आणि मित्रांनो, तुम्ही काहीही करून विकले तरी वहीत मजुरीचा एक रकाना आखा.

या लेखाखाली दोऱ्याला माझी एक पुस्तिका टांगली आहे. ती विकायची नाही. सर्वांनी फुकट वाचावी आणि परत तिथेच अडकवावी. टिटवी आता सरळ आहे.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११