हातावरची गाठ काय सांगते?

मुलाच्या हातावर मांटू चाचणीची सुई टोचली, की पुढचे दोन-तीन दिवस आईचे लक्ष त्याच जागेकडे असते. तिथे लालसर, टणक गाठ उठली, की तिच्या मनात धस्स होते. पण या सुईतून क्षयाचा एकही जिवंत जंतू शरीरात जात नाही. जातात ती फक्त जंतूंपासून वेगळी काढून शुद्ध केलेली प्रथिने. पूर्वी जंतूशी सामना झाला असेल, तर शरीराच्या पांढऱ्या पेशी ती ओळखतात, धावून येतात आणि जागा सुजते.

फुफ्फुसातही असेच काहीसे घडते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधलेला हा जंतू श्वासावाटे आत शिरला, की भक्षक पेशी त्याला गिळतात. जंतूच्या आवरणातील काही प्रथिने ओळखणारे पहारेकरी या पेशींवर असतात. ते धोक्याचा इशारा पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचवतात आणि पेशी 'टीएनएफ'सारखी रसायने सोडू लागते. त्यांच्या हाकेने आणखी पेशी जमतात व जंतूंभोवती कडे करतात. बहुतेकांच्या शरीरात जंतू या कड्यातच अडकून राहतात.

पण जंतूही चिवट असतो. भक्षक पेशीतल्या ज्या पिशवीत तो कोंडला जातो, तिचा पडदा 'इसॅट-६' या प्रथिनाच्या मदतीने तो फोडू शकतो. लढाई चिघळली, की ताप येतो, वजन घटते, फुफ्फुसाला पोकळ्या पडतात. यातले बरेचसे नुकसान शरीराच्या स्वतःच्याच दाहामुळे होते.

मग हा दाहच थांबवला तर? संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधे आली, तेव्हा काही रुग्णांचा सुप्त क्षय उफाळल्याचे २००१ मध्ये दिसून आले. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात.

हातावर गाठ उठली म्हणजे क्षय झालाच, असे नाही. जंतूशी कधीतरी गाठ पडली असावी, एवढाच त्याचा अर्थ. बीसीजी लशीमुळेही ती उठू शकते. त्या लशीत इसॅट-६ नसते, म्हणून नव्या चाचण्यांत त्याचा उपयोग करतात. खरे निदान मात्र लक्षणे, एक्स-रे आणि थुंकीची तपासणी यांवरून डॉक्टरांनीच करायचे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर तपासणी टाळू नये. आणि उपचार सुरू झाल्यावर ताप उतरला, म्हणजे दाह निवला. सगळे जंतू मेले असे नव्हे. औषधे डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत घ्यावीत.