सल्ला न देणारा सल्लागार

आपल्याकडे सल्ल्याला कधीच तोटा नव्हता. मुलीचे स्थळ असो, घराचे बांधकाम असो वा मुदत ठेवीची मुदत असो. आत्या, मेहुणे, शेजारचे निवृत्त मामलेदार, कुणी ना कुणी न मागता सल्ला देतेच, आणि तोही विनामूल्य. अशा समाजात तासाला अडीच हजार रुपये घेणारा आणि एवढे घेऊनही सल्ला म्हणून न देणारा मनुष्य टिकाव धरील, असे कुणी पूर्वी म्हटले असते तर मी हसलो असतो. पुढे अशाच एका व्यक्तीकडे मी स्वतः सहा वेळा गेलो. 'पर्सनल लाइफ कोच' या नव्या व्यवसायाकडून सुजाण ग्राहकाने काय अपेक्षा ठेवावी व काय ठेवू नये, याविषयी त्यातून माझे जे मत बनले, ते येथे मांडतो.

या व्यवसायाला मराठीत अद्याप सोयीचे नाव नाही. मार्गदर्शक म्हणावे, तर तो मार्ग दाखवीत नाही. प्रशिक्षक म्हणावे, तर तो काही शिकवीत नाही. आणि समुपदेशक हा शब्द निराळ्याच व्यवसायाचा आहे. तेव्हा 'कोच' हाच शब्द ठेवलेला बरा. त्याची कुळकथाही गमतीची आहे. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तेथे पंधराव्या शतकाच्या सुमारास बनू लागलेल्या आरामशीर घोडागाड्या युरोपभर पसरल्या आणि गावाचे नाव गाडीला चिकटले. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी, परीक्षेच्या पैलतीरी सुखरूप पोचविणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने 'कोच' म्हणू लागले. तेथून हा शब्द खेळाच्या मैदानावर उतरला. १९७४ साली टिमथी गॅलवे या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाने, खेळाडूचा अवघड प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे नसून त्याच्याच मनात असतो, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले आणि मैदानावरचा हा विचार कचेऱ्यांत व घरांत शिरण्यास वाट मिळाली. आपल्या व्यवसायाला जवळचा तपशील पुढेच आहे. लाइफ कोचिंगला व्यवसायाचे रूप देणाऱ्यांपैकी एक प्रमुख नाव म्हणजे थॉमस लिओनार्ड. आणि हे गृहस्थ मूळचे आर्थिक नियोजनकार होते. पैशाचा सल्ला घ्यायला आलेले ग्राहक हळूहळू आयुष्याचेच प्रश्न त्यांच्यापुढे मांडू लागले. १९९२ साली त्यांनी कोच घडविणारी संस्था काढली. बँकेच्या काउंटरवर काही वर्षे काढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. मुदतीपूर्वी ठेव मोडायला आलेला ग्राहक व्याजदराविषयी विचारतो, परंतु त्याला विचारायचे असते ते बहुधा दुसरेच काही.

गाडी हाकणारा म्हटले, की आपल्याला सारथी आठवणारच. श्रीकृष्णाने अर्जुनाला इतके सांगितले खरे, तथापि शेवटी त्याने आज्ञा केली नाही. यावर पूर्ण विचार कर आणि तुला योग्य वाटेल ते कर, असेच तो म्हणाला. अर्थात आमच्या कोचबाईंनी अठरा अध्याय सोडाच, अठरा विधानेही केली नाहीत. त्यांनी फक्त विचारले.

मी त्यांच्याकडे गेलो त्याचे कारण असे. २०१८ साली मी इंदूरला वसुली विभागात होतो. वय पन्नास, सेवा सत्तावीस वर्षे. सांगलीला एक्याऐंशी वर्षांची आई वडिलांच्या मागे एकटी राहत होती. निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार वीस वर्षांची सेवा झाल्यावर तीन महिन्यांची सूचना देऊन ऐच्छिक निवृत्ती घेता येते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेच. आईसाठी नोकरी सोडायची असे मी ठरवीत आणलेले होते. अर्ज लिहून तयार होता. त्यावर फक्त तारीख घालायची होती, आणि ती काही केल्या घातली जात नव्हती.

प्रथम मी गेलो तो एका हॉटेलच्या सभागृहात, वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून. एकवीस दिवसांत आयुष्य पालटण्याची हमी, आणि आजच पैसे भरणाऱ्यास निम्मी सवलत. हमीदार कोण आणि हमी पाळली न गेल्यास वसुली कुणाकडून करायची, हे मी विचारले. उत्तर मिळाले नाही. तरीही नऊ हजार रुपये मी भरले, हे कबूल केले पाहिजे. शंभरेक लोकांसमवेत टाळ्या वाजविणे आणि घोषणा देणे यापलीकडे त्या पैशांत काही पदरी पडले नाही. चौथ्या दिवसापासून मी जाणे सोडले.

नंतर एका सहकाऱ्याने या बाईंचे नाव सुचविले. पहिला अर्धा तास विनामूल्य होता, आणि तो परस्परांना पारखण्यासाठी आहे असे त्यांनीच सांगितले. मग दोन पानांचा करार आला. किती बैठका, शुल्क किती, बैठक रद्द करायची तर किती आधी कळवायचे, बोलणे गोपनीय राहील पण कुणाच्या जिवाला धोका दिसल्यास राहणार नाही, आणि त्या कोणकोणती कामे करणार नाहीत. कर्जाची कागदपत्रे नीट वाचा असे ग्राहकांना सांगण्यात माझा जन्म गेला. तो करार मात्र मी खरोखरच सही करण्यापूर्वी वाचला. असा कागद जो देत नाही, त्याच्याकडे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या बैठकीत मीच चाळीस मिनिटे बोलत होतो. सर जॉन व्हिटमोर यांनी १९९२ सालच्या आपल्या पुस्तकातून रूढ केलेला क्रम या व्यवसायात पुष्कळ जण पाळतात: प्रथम उद्दिष्ट, मग वस्तुस्थिती, मग पर्याय, आणि अखेरीस निर्धार. आमचे घोडे वस्तुस्थितीपाशीच अडले. तिसऱ्या बैठकीत त्यांनी विचारले, "समजा, तुमच्या आईंची प्रकृती उद्या ठणठणीत झाली आणि सोबतीला चांगलं माणूस मिळालं, तर हा अर्ज तुम्ही फाडून टाकाल का?"

मी गप्प झालो. त्याही गप्प राहिल्या. एखादा मित्र असता तर त्याने घाईने काही बोलून मला सोडविले असते. बाईंनी सोडविले नाही. आपण पैसे मोजतो ते बहुतांशी या शांततेचे, हे मला तेव्हा उमगले. अर्ज मी फाडला नसता. त्याआधी सहा महिन्यांपूर्वी एका घराचा ताबा घेताना मी हजर होतो. २००२च्या सरफेसी कायद्यानुसार सर्व काही रीतसर झाले होते. नोटीस, मुदत, पंचनामा, कशातही खोट नव्हती, आणि ठेवीदारांच्या पैशाची वसुली करणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. त्या घरातून दप्तर पाठीला लावून एक मुलगी बाहेर आली आणि शाळेच्या रस्त्याला न लागता फाटकापाशीच उभी राहिली. तेव्हापासून मला ते काम नकोसे झाले होते, आणि ते बोलून दाखविण्यापेक्षा आईचे वय पुढे करणे सोपे होते.

त्यानंतर त्यांनी एवढेच विचारले, की पुढच्या बैठकीपूर्वी मी काय करीन. मी सांगलीला जाऊन आईशी बोलेन म्हणालो. तोवर तिला मी विचारलेच नव्हते. आई निवृत्त शिक्षिका. सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "तू नोकरी सोडून इथे बसलास, तर तुझा उतरलेला चेहरा मला रोज बघावा लागेल. त्यापेक्षा दुपारी चार ते आठ एखादी बाई बघून दे." आठ महिन्यांनी विनंतीनुसार माझी बदली प्रशिक्षण केंद्रात झाली.

येथेच थांबलो, तर ही कोचिंगची जाहिरात होईल. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, आई न्हाणीघरात पडली. शेजाऱ्यांनी तिला रुग्णालयात नेले. मला जूनमध्ये पोचता आले. ते दोन महिने मी बाईंना मनातल्या मनात पुष्कळ दोष दिला. पण त्यांनी राहा म्हटले नव्हते आणि सोड असेही म्हटले नव्हते. निर्णय माझा होता, आणि त्याची किंमतही माझ्याच खाती पडली. कोचकडे जाताना ग्राहकाने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट ही आहे: जबाबदारीचा एक रुपयाही तेथे दुसऱ्याच्या नावे वर्ग होत नाही. ती कुणीतरी उचलावी अशी ज्याची इच्छा आहे, त्याने आत्याकडे जावे, पैसेही वाचतील.

व्यवहाराच्या बाजू थोडक्यात सांगतो. डॉक्टरांची वैद्यकीय परिषदेकडे आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. कोच होण्यासाठी आपल्या देशात तसा कायदेशीर परवाना लागत नाही, कुणीही उद्या पाटी लावू शकतो. म्हणून शिक्षण कोठे व किती तास झाले, हे निःसंकोच विचारावे. लिओनार्ड यांच्याच पुढाकाराने १९९५ साली स्थापन झालेली आणि आज इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या नावाने ओळखली जाणारी संस्था तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते. त्यांसाठी प्रत्यक्ष कोचिंगचा अनुक्रमे १००, ५०० व २५०० तासांचा अनुभव लागतो. प्रमाणपत्राने माणूस चांगला ठरत नाही, पण निदान त्याने कष्ट केल्याचे कळते. कोच बोलता बोलता एखादी गुंतवणूक योजना सुचवू लागला, तर तेथून उठावे. गुंतवणुकीच्या सल्ल्यासाठी सेबीची नोंदणी लागते. आपल्या संस्थेने अधिकाऱ्यासाठी कोच नेमला असेल, तर बोलणारा एक आणि पैसे देणारा दुसरा अशी स्थिती होते. वरिष्ठांपर्यंत नेमके काय पोचणार, हे अशा वेळी पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट आजारपणाची. आठवडेच्या आठवडे झोप न येणे, अन्न नकोसे होणे, जगणेच नको वाटणे, हे कोचचे क्षेत्र नव्हे. माझ्या बाईंच्या करारात ते लिहिलेलेच होते, आणि माझ्या झोपेविषयी दोनदा विचारून तिसऱ्यांदा त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठविले. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे. कोचच्या शुल्काची चिंता करण्यापूर्वी हा क्रमांक जवळ असावा.

मित्र असताना कोच कशाला, असे मला अनेक सहकारी विचारतात. मित्राला आपल्या उत्तरात स्वारस्य असते, पत्नीला तर असतेच असते. त्यात गैर काही नाही. स्वारस्य नसलेला श्रोता हवा असेल, तर तो विकत घ्यावा लागतो, असे म्हणावे लागते खरे. तशी गरज प्रत्येकाला पडतेच असे मुळीच नाही, आणि सहा बैठकांचे काम साठ बैठकांवर नेणाऱ्यापासून सावध राहावे. बाईंनी सहाव्या बैठकीत स्वतःच हिशेब पुरा केला.

आई आता नव्वदीकडे झुकली आहे. तारीख न घातलेला तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. फोनवर ती अधूनमधून विचारते, "त्या तुझ्या प्रश्नवाल्या बाई शेवटी काय म्हणाल्या रे?" काहीच म्हणाल्या नाहीत, असे मी सांगतो.

"एवढे पैसे घेऊन?" आई म्हणते.