मोबाइलची सुरक्षितता : ग्राहक बेफिकीर की बाजार आंधळा?

बँकेचा व्यवहार आज बँकेच्या इमारतीत कमी आणि ग्राहकाच्या खिशात अधिक होऊ लागला आहे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्याचे वीस रुपये, मुलाची परीक्षा फी आणि पगाराचे खाते ही सारी ज्या यंत्राच्या हवाली झाली आहेत, ते यंत्र किती भक्कम आहे याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. मोबाइल घेताना कॅमेरा, बॅटरी, रॅम आणि मासिक हप्ता यांची कसून विचारपूस होते. या फोनला सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळतील, हा प्रश्न दुकानात क्वचितच ऐकू येतो. ग्राहकालाच सुरक्षिततेची पर्वा नाही, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो. उत्पादकांना तो सोयीचाही आहे. पण तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

फोन चालविणारी आज्ञावली अवाढव्य असते आणि तीत चुका राहतात, हे अटळ आहे. अशी चूक हेरून परक्याला फोनमध्ये शिरकाव करता येतो. चूक ध्यानात आल्यावर ती बुजविणारी दुरुस्ती तयार होते व अपडेटच्या रूपाने फोनपर्यंत पोचते. येथे एक विपरीत गोष्ट घडते. दुरुस्ती जाहीर झाली की भिंतीत भोक कोठे होते हे चोरालाही कळते. त्यामुळे ज्या फोनपर्यंत ती पोचत नाही, तो पूर्वीपेक्षाही अधिक उघडा पडतो.

जुलै २०१५ मध्ये उजेडात आलेल्या ‘स्टेजफ्राइट’ त्रुटीने या प्रश्नाचे स्वरूप जगापुढे आणले. नुसता एक एमएमएस पाठवून अँड्रॉइड फोनमध्ये घुसता येईल, अशी ही त्रुटी होती आणि तिच्या कक्षेत सुमारे ९५ कोटी फोन येत असल्याचा अंदाज ती शोधणाऱ्यांनी दिला होता. गूगलने ऑगस्ट २०१५ पासून दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या जाहीर करण्याचा प्रघात पाडला, तो यानंतरच. पण जाहीर होणे वेगळे आणि पोचणे वेगळे. दुरुस्ती गूगलकडून निघते, ती हँडसेट कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी जुळवून घेते, कित्येकदा चिप बनविणाऱ्याचे साहाय्य लागते, आणि मग ती ग्राहकाकडे येते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी त्याच वर्षी वीस हजारांहून अधिक अँड्रॉइड फोनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी ८७.७ टक्के फोन अकरा ज्ञात गंभीर त्रुटींपैकी निदान एकीला तरी उघडे असल्याचे आढळले.

स्टेजफ्राइटमधून मोठ्या प्रमाणावर लूट झाल्याचे पुढे दिसून आले नाही, हेही सांगितले पाहिजे. भारतातील बहुतेक फसवणूक आजही ओटीपी काढून घेऊन किंवा लग्नपत्रिकेच्या नावाखाली बनावट अ‍ॅप पाठवून होते. तेव्हा अपडेट हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. पण दोन्ही प्रश्न वाटतात तितके वेगळे नाहीत. बाहेरून आलेल्या अ‍ॅपला फोनचा पडदा वाचण्याची परवानगी सहजासहजी मिळू नये, अशी आडकाठी अँड्रॉइडच्या २०२२ मधील तेराव्या आवृत्तीत घालण्यात आली. ज्यांचे फोन त्याआधीच्याच आवृत्तीवर थांबले, त्यांना या आडकाठीचा लाभ नाही. भोळेपणाने चूक करणाऱ्याला सावरण्याचे कामही अपडेटच करीत असते.

माहितीवाचून मागणी कशी?

ग्राहक सुरक्षिततेसाठी पैसे मोजील काय, याची एक परीक्षा भारतात होऊन गेली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने ‘अँड्रॉइड वन’ ही योजना भारतातून सुरू केली. मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस या कंपन्यांचे हे फोन सुमारे ६,४०० रुपयांपासून मिळत आणि त्यांना दोन वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन होते. स्वस्त फोनच्या बाबतीत असे आश्वासन तेव्हा दुर्मीळ होते. तरीही विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. प्रारंभी केवळ ऑनलाइन विक्री असल्याने दुकानदार नाराज होते. शिवाय तेवढ्याच किमतीत इतर कंपन्या अधिक चांगला कॅमेरा व मोठा पडदा देत होत्या. ग्राहकाने डोळ्यांना दिसणारा गुण घेतला आणि न दिसणारा सोडून दिला.

याला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होईल. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, ग्राहकाला वस्तूची खरी प्रत ओळखता येत नसेल तर तो चांगल्या वस्तूला अधिक किंमत देत नाही आणि हळूहळू चांगली वस्तूच बाजारातून हटते. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मोबाइलच्या सुरक्षिततेचे नेमके असेच आहे. दोन फोन शेजारी ठेवले तर कोणत्याची भिंत भक्कम, हे निष्णात माणसालाही वरवर पाहून सांगता येणार नाही. मग हिशेबनीस किंवा शिक्षक ते कसे ओळखणार? मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये याच्याही पुढे जाऊन म्हटले की, सुरक्षिततेचे उपदेश ग्राहक धुडकावतो ते अडाणीपणाने नव्हे. ते पाळण्यात जाणारा वेळ आणि होणारा लाभ यांचा त्याचा हिशेब बरोबर असतो.

नुकसान एकाचे, उपाय दुसऱ्याच्या हाती

मूळ दोष येथे आहे. उत्पादकाला पैसा मिळतो तो फोन विकताना, एकदाच. त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती म्हणजे खर्च. आणि जुना फोन धडधाकट राहिला तर नव्याची विक्री लांबते. दुरुस्ती न दिल्याने जे नुकसान होते ते मात्र ग्राहकाच्या खात्यातून जाते. केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी २००१ मधील आपल्या निबंधात बँकांच्या एटीएमचा दाखला दिला होता. अमेरिकेत वादग्रस्त व्यवहाराची जबाबदारी बँकेवर होती, ब्रिटनमध्ये सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर. परिणाम असा की ब्रिटिश बँका गाफील राहिल्या आणि तेथे फसवणूक वाढली. नुकसान ज्याला सोसावे लागते तोच काळजी घेतो, हा त्यातील बोध होय.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याच तत्त्वाचा अंशतः स्वीकार केला. त्रयस्थाच्या आगळिकीमुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार नाही. त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, अशी ती विभागणी होती. बँक आणि ग्राहक या दोघांची नावे या हिशेबात आहेत. फोन बनविणारा मात्र त्यात कोठेच नाही.

खोक्यावर एक तारीख

कंपनीने ठरावीक वर्षे अपडेट द्यावेच, यासाठी नेदरलँड्समधील ग्राहक संघटनेने २०१६ मध्ये सॅमसंगविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले होते. २०१८ मध्ये तिला अपयश आले. कायद्यानेच मग पाऊल टाकले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा-अपडेट किमान कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सायबर कायद्यानुसार डिसेंबर २०२७ पासून ती मुदत महिना व वर्षासह खरेदीच्या वेळी सांगावी लागेल. भारतात ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने मे २०२५ मध्ये सादर केलेल्या दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाच्या आराखड्यात सॉफ्टवेअर अपडेट हाही एक निकष धरला आहे. दिशा योग्य आहे. परंतु अनेक निकषांच्या बेरजेत ही एक गोष्ट बुडून जाऊ नये.

मोबाइलच्या खोक्यावर आज कमाल किंमत आणि निर्मितीचा महिना छापलेला असतो. ‘सुरक्षा-अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ एवढी एक ओळ तेथे आणखी छापणे अवघड नाही. याने स्वस्त फोन महाग होतील, हा आक्षेप टिकणारा नाही; कारण मुदत किती असावी याची ही सक्ती नव्हे, ती सांगण्याची आहे. सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये व सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महाग फोनांसाठी दिलेच आहे. खरी गरज आहे ती कमी पैशांत फोन घेणाऱ्याला. मुदत बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, खरेदीपासून नव्हे. म्हणून दिवाळीच्या सवलतीत दोन वर्षे जुने मॉडेल घेणारा कारकून, किंवा वडिलांचा जुना फोन वापरणारा विद्यार्थी, उरलेले थोडेसे संरक्षण घेऊनच सुरुवात करतो आणि त्याला ते कळतही नाही.

विजेच्या उपकरणांवर २००६ पासून तारे दिसू लागले आणि आज फ्रीज घेणारा गृहस्थ तारे मोजूनच दुकानदाराशी घासाघीस करतो. तो ऊर्जाशास्त्र शिकला नाही. त्याला तुलना करण्याजोगी एक खूण मिळाली, एवढेच. मोबाइलच्या बाबतीत तशी खूण देऊनही ग्राहकाने ती पाहिली नाही, तर त्याला बेफिकीर म्हणता येईल. तोपर्यंत दोष त्याच्या माथी मारणे योग्य नव्हे.