लवचिकता की लाचारी?

राजूरच्या आठवडे बाजारात एका बाजूला पेढ्यांची दुकाने आहेत आणि दुसऱ्या बाजूला मीठ-मिरची, साबण, काडेपेटी विकणारी. भंडारदऱ्याला निघालेला पर्यटक गाडी थांबवून पेढे घेतो. भाव चढा वाटला तर किलोऐवजी पाव किलो घेतो, नाहीतर तसाच पुढे जातो. वरच्या वाड्यांतून चालत आलेली बाई मिठाची पुडी घेते. भाव दोन रुपयांनी वाढला तरी ती घेते, कारण मिठावाचून नागलीची भाकरी घशाखाली उतरत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत पेढ्याची मागणी लवचिक आणि मिठाची ताठर. इथपर्यंत आमचे कोणाशीच भांडण नाही. भांडण आहे ते या निरीक्षणातून जो उपदेश काढला जातो त्याच्याशी.

उपदेश असा: कर लावायचाच तर ताठर मागणीच्या वस्तूंवर लावा. तिजोरी भरते आणि बाजाराचे नुकसान कमी होते. या विचाराला मोठी परंपरा आहे. झ्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ साली कराने होणारी हानी मोजण्याची वाट दाखवली. फ्रँक रॅम्सी या तरुण केंब्रिजकराने १९२७ साली तिला गणिती नियमाचे रूप दिले. नियम खोटा नाही. तो आम्ही राजूरच्याच बाजारात, कल्पित आकडे घेऊन, तपासून पाहू.

मानू या की मिठाची पुडी २० रुपयांची आहे आणि दिवसाला १०० पुड्या खपतात. पुडीमागे ४ रुपये कर बसला, तो सगळा गिऱ्हाइकावर पडला आणि खप ९८ वर आला. सरकारला ३९२ रुपये मिळाले. जे दोन व्यवहार बुडाले त्यांतील संतोष ना ग्राहकाला मिळाला ना सरकारला. ही निव्वळ हानी साधारण ४ रुपये, म्हणजे वसुलीच्या रुपयामागे जेमतेम एक पैसा. आता पेढे घ्या. भाव ४०० रुपये किलो, खप १०० किलो. किलोमागे २० रुपये कर बसताच खप ९० वर आला. वसुली १८०० रुपये, हानी १०० रुपये, म्हणजे रुपयामागे साडेपाच पैसे. हाच कर ४० रुपये केला तर खप ८० वर येतो. वसुली ३२०० होते, दुप्पटही होत नाही; हानी मात्र ४०० रुपये, म्हणजे चौपट. द्युपुईचा सिद्धांत हाच: कर दुप्पट तर हानी चौपट.

तेव्हा पुस्तकी न्यायाने मीठ हे आदर्श करपात्र आणि पेढा हा नालायक. आमचा आक्षेप इथे सुरू होतो.

पहिली गोष्ट. ही हानी रुपयांत मोजली जाते, आणि रुपये देण्याची तयारी ही गरजेइतकीच ऐपतीवर अवलंबून असते. ज्या दोन पुड्या खपल्या नाहीत त्या कोणाच्या घरच्या? हॉटेलवाल्याच्या नक्कीच नव्हेत. ज्या घरात चार रुपयांचाही हिशेब करावा लागतो त्या घरच्या त्या. त्या घराचा त्याग हिशेबात ४ रुपयांचा धरला जातो, कारण त्याच्याजवळ बोलायला तेवढेच रुपये होते. ज्याचा खिसा लहान त्याचे दुःखही लहान, असा या मापाचा अर्थ होतो. माप बिनचूक असेल, पण ते न्यायाचे माप नव्हे.

दुसरी गोष्ट. ‘ताठर’ हा शब्द सरासरीचा आहे. सुखवस्तू माणूस मिठाचा भाव विचारतच नाही, आणि त्याच्या बेफिकिरीत गरिबाची काटकसर बुडून जाते. याचा पुरावा आमच्याच इतिहासात आहे. सह्याद्रीच्या या बाजूला मीठ पिकत नाही, ते कोकणातून घाट चढून यायचे. इंग्रज सरकारने त्यावर १८८८ साली मणामागे अडीच रुपये कर बसवला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ सालच्या अर्थसंकल्पावरील भाषणापासून या कराचा पिच्छा पुरवला. १९०३ साली कर दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक. मिठाचा खप वाढला. कर ज्या प्रमाणात उतरला त्या प्रमाणात उत्पन्न उतरले नाही. म्हणजे त्याआधी लोक मीठ कमी खात होते! ताठर मागणी म्हणून ज्यावर विसंबायचे, तिच्या तळाशी अर्धपोटी माणसे होती. १९२३ साली तूट भरण्यासाठी कर सव्वा रुपयावरून पुन्हा अडीच रुपये झाला, तोही विधिमंडळाचा नकार डावलून, व्हाइसरॉयच्या खास अधिकारात. वर्षभरात तो मागे घ्यावा लागला.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. मिठावरचा कर १९४७ साली गेला आणि आजही मिठावर वस्तू व सेवा कर नाही, हे खरे. परंतु जे तत्त्व आम्ही मिठापुरते मान्य केले ते साबणापुरते विसरलो. २०१७ च्या जुलैपासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत अंगाच्या साबणावर १८ टक्के कर होता, आणि त्याच काळात पेढ्यावर ५ टक्के. २०२२ च्या १८ जुलैपासून पाकीटबंद धान्याच्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर ५ टक्के बसला. २०२० च्या मे महिन्यात, जगात तेल स्वस्त झालेले असताना, डिझेलवरचे केंद्राचे शुल्क लिटरमागे ३१ रुपये ८३ पैशांवर नेले गेले. कारण एकच: जीपने अकोल्याला जाणारा रुग्ण भाव पाहून आजार पुढे ढकलू शकत नाही. २०२५ च्या २२ सप्टेंबरला साबण ५ टक्क्यांत आला तेव्हा त्याला भेट म्हटले गेले. आठ वर्षे घेतले त्यातले थोडे घेणे थांबवले, याला आम्ही भेट म्हणत नाही.

रॅम्सीवर मात्र अन्याय नको. श्रीमंत आणि गरीब यांच्या रुपयाचे मोल वेगळे असते हा प्रश्न त्याने उघडपणे बाजूला ठेवून आपले गणित मांडले. पुढे १९७१ साली डायमंड आणि मर्लीस यांनी तो प्रश्न गणितात परत आणला, आणि मग जी वस्तू मुख्यतः गरीब घेतात तिच्यावरचा कर, मागणी ताठर असूनही, कमी ठेवण्याचे कारण गणितातूनच निघाले. दोष आहे तो नियमाची पहिली ओळ पाठ करून दुसरी गाळणाऱ्यांचा.

मग काय पेढ्यावर जबर कर लावायचा? तसेही आम्ही म्हणत नाही. वर पाहिलेच की त्याने खप पडतो, आणि खपाबरोबर हलवाई आणि दूध घालणारा शेतकरीही पडतो. वस्तूंवरच्या कराला ही मर्यादा आहेच. म्हणूनच मोठा भार उत्पन्नावर आणि संपत्तीवर, चढत्या दराने पडला पाहिजे. वस्तूंवर कर बसवताना प्रथम पाहावे की ही वस्तू कोणाच्या पिशवीत जाते, आणि मग पाहावे की मागणी किती लवचिक आहे. क्रम उलटला की शास्त्र सावकाराचे होते. सावकारालाही ठाऊक असते की अडलेला माणूस व्याजाचा दर विचारत नाही.

राजूरच्या बाजारातली ती बाई चार रुपये जास्त मोजून पुडी घेते, ते तिला परवडते म्हणून नव्हे, दुसरा उपाय नाही म्हणून. तिच्या मागणीला ताठर म्हणा, आमची हरकत नाही. ती ताठरता म्हणजे कर देण्याची ताकद, असे मात्र कोणी आम्हांस शिकवू नये.