आमोसाचं ऐकायला कानात दम पाहिजे

आमोस मेंढक्या होता. मेंढरं राखायची, उंबराची झाडं बघायची, हा त्याचा धंदा. शाळा न्हाई, गुरू न्हाई. इसवी सनाच्या आधी आठव्या शतकात तो बेथेलच्या मंदिरात शिरला आन् श्रीमंतांना तोंडावर बोलला. तुम्ही जोड्याच्या किमतीत गरीब विकता, मापात मारता, वरून सण करता. देवाला तुमची गाणी नकोत, न्याय पाहिजे. पुजारी अमस्या चवताळला. हे राजाचं मंदिर, तू आपल्या मुलखात जा, तिथं भाकर खा!

ही भाषा आपल्याला नवी न्हाई. नवं पुढंच आहे. यहुद्यांनी हा मेंढक्या आपल्या धर्मग्रंथात ठेवला. दावीद त्यांचा थोर राजा. त्यानं उरीयाची बायको नासवली, उरीयाला लढाईत पुढं धाडून मारवलं. नाथानानं त्याला तोंडावर गुन्हेगार ठरवलं. तेही लिहून ठेवलं. त्याच ग्रंथात परक्या वंशाचा गुलाम पिढ्यान्‌पिढ्या ठेवायची मुभा आहे. ती वाचतानाही मान खाली घालू नका, डोळे उघडे ठेवा.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या 1922 ला गेल्या, पुस्तक 1924 ला निघालं. म्हणजे आमोस सोप्या मराठीत बोलायला लागून शंभर वर्षं झाली. ऐकलं कुणी?

बीडात बघा. दिवाळी झाली की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतली की सहा महिने विकले. खाडा पडला की दंड. 2019 च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. जोड्याची किंमत म्हणजे दुसरं काय?

आता कडू घोट. दर वेळी मुकादम परका नसतो. कधी तो आपल्याच वस्तीतला असतो. जयंतीला वर्गणी देतो, स्टेजवर हार घेतो. आपल्यातलाच एखादा रात्री बायकोला तुडवतो आन् सकाळी वंदनेला पांढरे कपडे घालून बसतो. यांना नाथान कोण होणार?

मनुस्मृती जाळायला छाती लागली. 25 डिसेंबर 1927 ला महाडात बाबासाहेबांनी ती दाखवली. पण 18 मार्च 1956 ला आग्र्यात त्यांनी आपल्याच शिकलेल्यांना धोकेबाज म्हटलं. पहिली तारीख आपण पोस्टरवर छापतो. दुसरी का दाबतो?

दोस्तहो, शत्रूच्या पोथीतलं पाप दाखवणं सोपं झालंय, त्यावर टाळ्या पडतात. आपलं पाप आपल्या वहीत लिहायला लागा. पुढच्या जयंतीला मुकादमाच्या गळ्यात हार घालायच्या आधी पिशवी काढलेल्या बाईच्या हातात माईक द्या. ती शिव्या देईल. देऊ द्या. एक शब्द न गाळता लिहून ठेवा, पोरांनी वाचावं म्हणून.