जुन्या ट्रॅक्टरची बाजू

आपल्याकडे ट्रॅक्टरविषयी बोलणारे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष गावातल्या पारावर भेटतो. त्याच्या लेखी ट्रॅक्टर म्हणजे अश्वशक्ती. पंचेचाळीसच्या खालची गाडी म्हणजे खेळणे. ती दारात उभी करण्यापेक्षा दार रिकामे बरे. दुसरा पक्ष आपल्या महाविद्यालयात, विशेषतः कलाशाखेत, आढळतो. त्याच्या लेखी ट्रॅक्टर म्हणजे बैलांचा वैरी, मातीचा मारेकरी आणि ग्रामसंस्कृतीच्या ऱ्हासाचा धूर ओकणारा पुरावा. वार्षिक अंकांतून पोळ्याच्या आठवणींचे लेख जितके निघतात, तितके बैल तरी ते लिहिणाऱ्यांच्या घरी उरले असतील काय, अशी शंका मला अनेकदा आली आहे.

या दोन्ही पक्षांची क्षमा मागून मला एका तिसऱ्याच वस्तूची बाजू मांडावयाची आहे. ती वस्तू म्हणजे कोणीतरी नीट जपलेला, वापरलेला, लहान ट्रॅक्टर.

प्रथम थोडा हिशेब. २०१५-१६च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील शेतकऱ्याकडची सरासरी जमीन १.३४ हेक्टर भरली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. देशाची सरासरी त्याहून कमी, १.०८ हेक्टर. आमची निफाड तालुक्यातील जमीन तीन एकर. दोन एकर द्राक्षबाग आणि एकरभर कांदा. बागेत दोन ओळींमधले अंतर नऊ फूट, डोक्यावर तारा आणि त्यांवर चढलेल्या वेली. यात मोठा ट्रॅक्टर शिरतो, नाही असे नाही. पण ओळीच्या टोकाला वळताना तो कोपऱ्यावरचे अँगल हलवतो, पुढे आलेल्या काड्या मोडतो आणि ओल्या जमिनीवरून गेला की माती दाबून टाकतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी यांच्या भीतीने फवारण्या सुरू झाल्या म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच चाकोरीतून जावे लागते. त्या वेळी गाडीचे वजन कमी असणे हा तिचा दोष नसून गुण ठरतो.

लहान ट्रॅक्टरची घडण मुळात आपल्यासारख्याच अडचणीतून झाली. जपानातील भातखाचरे लहान, बांध अरुंद आणि जमीन चिखलाची. तेथील कारखान्यांनी त्या खाचरांच्या मापाचे, चारही चाकांना जोर देणारे, हलके ट्रॅक्टर बनविले. बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने तशी एक गाडी इकडे बनविली. साडेअठरा अश्वशक्तीची, तीन सिलिंडरची. नाशिककडे द्राक्षवाले तिला नुसते ‘मित्सुबिशी’ म्हणतात. भाताच्या चिखलासाठी सुचलेली युक्ती द्राक्षांच्या मांडवाखाली उपयोगी पडावी, ही गंमतच म्हणायची.

आता आमच्या घरची गोष्ट. बैलजोडी विकून आम्हांला सहा वर्षे झाली होती, आणि भाड्याचा ट्रॅक्टर हवा त्या दिवशी कधी मिळत नसे. फवारणी दोन दिवस पुढे गेली तर घडांवर काय होते हे द्राक्षवाल्याला सांगायला नको. तेव्हा गाडी घ्यायची हे ठरले. कोणती, हे ठरेना. नव्या पंचेचाळीस अश्वशक्तीच्या गाडीचे कोटेशन सव्वासात लाखांचे आले. कर्ज मिळत होते. सहामाही हप्ते, आणि सातबाऱ्यावर बोजा. चुलते म्हणाले, “सगळेच घेतात, फिटतं हळूहळू.” आमच्या गावात ते कसे फिटते हे मी पाहिले आहे. एक साल अवकाळी पाऊस बागेवर आला की हप्त्याचे पैसे सावकाराकडून येतात, आणि ट्रॅक्टर दारात असूनही माणूस दुसऱ्याच्या बागेत छाटणीला जातो. तीन एकरांवर सव्वासात लाखांचे यंत्र म्हणजे जमिनीने यंत्रासाठी राबणे. हे माझे मत मी घरात बोलून दाखविले, आणि अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) नेहमीप्रमाणे उत्तर न देता चुना मळला.

एप्रिल २०२४मध्ये द्राक्षांचे पैसे हाती आल्यावर दिंडोरी तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींची मित्सुबिशी विकाऊ असल्याचे कळले. गाडी २००९ची. त्यांनी बाग काढली होती, मुले शहरात. आम्ही मिस्तरींना बरोबर घेऊन सकाळी सातला जाऊन धडकलो, आणि ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते. जुनी गाडी पाहायला जाणाऱ्याने एवढे तरी करावेच. गरम इंजिन कोणाचेही सुरू होते. खरे काय ते गार इंजिन सांगते. मी प्रथम इंजिनावर तळवा ठेवला. गार होते. किल्ली हीटरवर काही क्षण धरून गुरुजींनी सेल्फ मारला आणि दुसऱ्या फेऱ्याला गाडी बोलली.

मिस्तरींची नजर धुरावर होती. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तो एअर फिल्टर साफ करूनही जाऊ शकतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे; तेथे खर्च मोठा. पांढरा धूर गार इंजिनात थोडा वेळ चालतो, पण इंजिन तापल्यावरही राहिला तर आत पाणी जात असण्याचा संभव. या गाडीने जरासा पांढरा धूर सोडला आणि मग काही नाही. ऑइलची काडी काढून पाहिली, दुधाळपणा नव्हता. मागे रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केले आणि आम्ही चहा घेतला. चहा होईपर्यंत रोटाव्हेटर बोटभरच खाली आला होता. हायड्रॉलिकची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. पीटीओच्या शाफ्टवरचे आवरणही जागेवर होते. जुन्या गाड्यांवर ते बहुधा नसते, आणि फिरता उघडा शाफ्ट पंचाचे किंवा ओढणीचे टोक पकडतो तेव्हा ओरडायलाही वेळ मिळत नाही. गाडी जपणारा माणूस कसा आहे हे मी त्या आवरणावरून ओळखले.

मग गुरुजींनी आतून एक वही आणली. शाळेतली, दोनशे पानी, लाल रेघेच्या समासाची. समासात तासमीटरचा आकडा आणि समोर एक-दोन ओळी. ‘१,१०४ तास. ऑइल व फिल्टर बदलले.’ ‘१,३६० तास. फॅनबेल्ट सैल, आवळला.’ ‘१,८१२ तास. रेडिएटरच्या जाळीत पाने. रोज झटकणे.’ मध्येच एके ठिकाणी, ‘गाडी मागायला आले. दिली नाही. राग आला त्यांना, येऊ दे.’ शेवटची नोंद २,९१४ तासांची, आणि मीटरवर आकडा २,९१७. पंधरा वर्षांत वर्षाला दोनशेच्या आत-बाहेर तास.

मित्रहो, आपण कलाशाखेचे विद्यार्थी. एखाद्या जुन्या बखरीतील नोंद खरी की मागाहून घातलेली, हे ओळखण्याचे धडे आपण घेतो. त्या वहीत शाई चार प्रकारची होती, वयानुसार अक्षर किंचित कापरे झाले होते, आणि एका पानावर तेलाचा डाग आरपार गेला होता. कोणी विकण्यासाठी रातोरात वही लिहिली असती तर ती याहून नीटनेटकी असती. मिस्तरींनी धूर पाहून जे ठरविले, ते मी वही वाचून ठरविले. आणि दोघांचे मत एकच पडले. सौदा एक लाख नव्वद हजारांना झाला. वही गाडीबरोबर मिळाली.

कागदपत्रांचे काम मात्र रुक्ष आहे, ते थोडक्यात सांगतो. आरसी बुकावर बँकेचा बोजा शिल्लक नाही ना ते पाहावे. असला तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा अर्ज लागतो. नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे अर्ज. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नवी करावी लागते. आमची मुदत त्याच ऑगस्टमध्ये संपत होती, म्हणून किंमत ठरवताना ती गोष्ट बोलून घेतली.

गाडी घेणे एका सकाळचे काम. ती समजून घ्यायला वर्ष गेले. दांड्यांवरची अक्षरे पुसलेली होती. कोणती दांडी पुढच्या चाकांची, कोणत्या गिअरला ब्लोअरचे औषध पानांच्या मागच्या बाजूपर्यंत पोहोचते, हे माहितीपुस्तकात अर्धेच सापडते. पुस्तक मी वाचले. उरलेले अर्धे अण्णांनी कानाने शोधले. एकदा टाकीतले डिझेल संपून इंजिन बंद पडले. टाकी भरली तरी सुरू होईना. “एअर धरली,” अण्णा म्हणाले. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देऊन, त्यांनी ती काढली. इंजेक्शन पंपात हवा असली की दाब तयार होत नाही, हे कारण मी त्यांना पुस्तकातून वाचून दाखविले. “मग मी काय म्हणलो?” ते म्हणाले.

एक मुद्दा मात्र पुस्तकानेच वाचविला. मागची चाके झिजल्यावर एकाने दुसऱ्या गाडीचे थोडे मोठे टायर स्वस्तात देऊ केले. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांच्या घेरांवर गिअरांचे प्रमाण बसविलेले असते. एकीकडचा घेर बदलला की एक जोडी दुसरीला फरफटते. मऊ मातीत चाक घसरून ते निभावते. डांबरी रस्त्यावर तो सगळा ताण गिअरांवर येतो. म्हणूनच रस्त्यावर पुढच्या चाकांची दांडी काढून ठेवावयाची असते. टायर मापाचेच घेतले.

माझ्या म्हणण्याला दुसरी बाजू आहे हे मला कबूल आहे. ही गाडी कांद्याची भरलेली ट्रॉली लासलगावला नेऊ शकत नाही. त्यासाठी आम्ही अजून शेजाऱ्यांची मोठी गाडी खेपेने बोलावतो. हिला उलटण्यापासून वाचविणारी मागची चौकट नाही, म्हणून उंच बांधाच्या कडेला अण्णा मला चालवू देत नाहीत. आणि प्रत्येक जुन्या गाडीमागे वही असते असेही नाही. बहुतेकींच्या मागे नवा रंग असतो. ताज्या रंगाची जुनी गाडी दिसली तर मी तरी दुरूनच नमस्कार करीन. ज्याचे सील आणि फिल्टर तालुक्याच्या गावी मिळत नाहीत ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी महाग, हेही खरे. पण ही सारी काळजी घेतल्यावर जी गाडी उरते ती तीन एकरवाल्याच्या मापाची असते, आणि तिच्यापायी आमचा सातबारा आज कोरा आहे. पारावरच्या पक्षाने मला एवढ्याचे उत्तर द्यावे. बैलांवर लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनीही एकदा येऊन ती वही वाचावी. जित्राबाची निगा ज्या मनाने होते त्याच मनाने लोखंडाचीही होऊ शकते, हे त्यांना तेथे दिसेल.

सध्या आमच्या घरी वाद वेगळाच आहे. पुढच्या एक्सलला डावीकडे तेलाचा ओघळ दिसू लागला आहे. सील बदलावे लागणार. अण्णा म्हणतात, छाटणीच्या आधी करू. मी म्हणतो, पावसाच्या आधी. सील गेल्यावर तेल बाहेर येते त्याच वाटेने चिखलाचे पाणी आत जाते. मिस्तरी माझ्या बाजूचे आहेत. अण्णांनी अजून चुना मळून संपविलेला नाही.