पाठलाग करणारी जाहिरात

समजा, कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधील एका दुकानात तुम्ही एक जोड पायात घालून पाहिलात आणि न घेताच बाहेर पडलात. दुकानदार संध्याकाळपर्यंत तुम्हाला विसरेल. पण त्याने तुमच्या मागावर माणूस धाडला आणि रंकाळ्यावर तुम्ही कोठे किती वेळ थांबलात हे तो टिपू लागला, तर? तुम्ही आरडाओरडा कराल.

मग समाजमाध्यम हेच करते, तेव्हा आपण गप्प का बसतो?

तेथे माणूस नसतो, गणित असते. तुम्ही काय पसंत केलेत, कोणती चित्रफीत पुन्हा पाहिलीत, याच्या नोंदी होतात. त्यांवरून तुमची आवड ताडली जाते व तिला साजेशी जाहिरात समोर येते. न सांगितलेलेही ताडता येते, हा खरा धोका. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ५८ हजारांवर स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील ‘लाइक’ तपासून त्यांचा राजकीय कल बऱ्याच अचूकपणे ओळखून दाखवला.

शिवाय प्रश्न एकट्याचा नसतो. २०१८ मध्ये गाजलेल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात भारतातील केवळ ३३५ जणांनी एक अ‍ॅप घेतले होते. मित्रांच्या साखळीमुळे एकूण ५,६२,४५५ भारतीयांची माहिती बाहेर गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले.

लहान दुकानदारालाही अशी जाहिरात परवडते, हे मान्य. पण गाव पाहून जाहिरात दाखवणे वेगळे आणि मुलांच्या पाठीवर राहणे वेगळे.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य तरतुदींसाठी त्यापुढे १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. पण खाते उघडताना तुम्ही जन्मसाल खोटे घातलेत, तर यंत्राच्या लेखी तुम्ही प्रौढ! मग ही ढाल तुमच्या काय कामाची?

शिक्षकांना एक विनंती. बऱ्याच माध्यमांवर ‘ही जाहिरात मला का दिसते?’ अशी सोय असते. एका तासाला ती उघडून दाखवा आणि मुलांना उत्तरे वहीत लिहायला सांगा. आपल्याविषयी कोणाला काय ठाऊक आहे, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या.